माय-बाबांसाठी खेचर

३ ऑगस्ट, रविवार. दुपारी २.१०

निर्णय झाला. माय-बाबांना हिमालय दाखवायचा. बसच्या खिडकीतून नाही, पायी. कुमाऊँच्या डोंगरात एका झोपडीतून दुसऱ्या झोपडीपर्यंत चालत जायचं. प्रत्येक मुक्कामी तयार बिछाना, तयार जेवण. याला हट-टु-हट म्हणतात. मी बावीस वर्षं भूगोल शिकवतोय, हिमालय मला तोंडपाठ आहे. प्रत्यक्ष पाहिलेला नाही. पण ज्वालामुखीही मी न पाहताच शिकवतो.

कारण लिहून ठेवतो. काल गावी, फोपनारला गेलो होतो. शेतावर दिल्लीकडचा ट्रक भरणं चालू होतं. बाबा (वय ७३) ड्रायव्हरला म्हणाले, "माही केळी पहाडापर्यंत जाऊन आली, मी रावेरच्या पुढी नाही गेलो." ड्रायव्हर हसला. माझ्या घशात काहीतरी अडकलं. वेफर्स खात होतो, त्यातलाच तुकडा असणार.

तृप्तीला सांगितलं की आपण चौघं जाणार. बायको म्हणून तिने आनंद व्यक्त करायला हवा होता. तिने फक्त विचारलं, "तुम्ही चालणार?" 'तुम्ही'वर विनाकारण जोर.

५ ऑगस्ट

पुण्याच्या एका ट्रेक कंपनीला फोन. प्राजक्ता नावाची मुलगी बोलली. पाच दिवस, रोज बारा किलोमीटर. सोबत वयस्कर मंडळी आहेत, हे मी स्पष्ट सांगितलं. तिने माझं वय विचारलं (४६) आणि मला चालायची सवय आहे का, तेही. ट्रेनिंग चालू आहे म्हणालो. उद्यापासून चालूच होणार आहे.

२५ ऑक्टोबरला निघायचं. बुकिंग केलं.

६ ऑगस्ट. पहाटे ५.००

अलार्म वाजला.

सकाळी ८.४०

ढगाळ होतं. ढगाळ हवेत ऑक्सिजन कमी असतो (तपासून पाहणे).

१७ ऑगस्ट, रविवार

ट्रेनिंग, दिवस पहिला. राजघाटाच्या पायऱ्या दहा वेळा चढायच्या-उतरायच्या. दोनदा झालं. दुसऱ्यांदा शेजारचे उखर्डूभाऊ तापीत अंघोळ करत होते आणि मोठ्याने मोजत होते, त्यामुळे लय बिघडली. हे कशासाठी, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, हट-टु-हट. ते बाजूला सरकले आणि म्हणाले, "हट तं हट, मी कुठी तुमच्या वाटेत आलो?"

अशा माणसांना ट्रेकिंग कळणार नाही.

परत येताना मावा जिलेबी, पाव किलो. घामातून गेलेलं भरून काढावं लागतं.

प्राजक्ताला फोन. बारा किलोमीटर जास्त होतात, नऊ करा म्हटलं. माय-बाबांसाठी.

२४ ऑगस्ट. फोपनार

दोघांचा वर्ग घेतला. उंची, विरळ हवा, शरीराचं अनुकूलन. बाबांसाठी तक्ता तयार केला: पहिला आठवडा रोज पाचशे मीटर, दुसरा आठवडा सातशे. घाई नको, असं बजावलं. बाबांनी शांतपणे ऐकलं. मी तक्त्याच्या रेघा मारेपर्यंत ते वरच्या शेतातली मोटर बंद करून परत आले. जाऊन-येऊन दीड किलोमीटर. पण पायात चप्पल होती, त्यामुळे ते धरता येणार नाही.

मायचा प्रश्न वेगळाच. त्या झोपडीत राहतं कोण? मी म्हटलं, कोणीच नाही, ती आपल्यासारख्यांसाठीच असते. "मंग दार कोण उघडीन?" मॅनेजर उघडेल म्हणालो. मॅनेजरला बायको आहे का, पोरं किती, हे कंपनीला विचारून घे, असं तिने सांगितलं. कोणाच्या दारी रिकाम्या हाताने जायचं नसतं. पाच झोपड्या म्हणजे पाच ब्लाउजपीस आणि घरी केलेले पाच पापड. मी वजनाचं शास्त्र समजावलं. मायने पापड सहा केले.

१४ सप्टेंबर, रविवार

असीरगडावर सराव. तृप्ती बहिणीकडे गेली होती, म्हणून आम्ही तिघंच. सकाळी ७.३० ला पायथा सोडला. पहिले दोनशे मीटर मी पुढे. मग लक्षात आलं की लीडरने मागे असावं, सगळ्यांवर नजर राहते. मागे राहिलो. थोड्याच वेळात दोघं वळणाआड दिसेनासे झाले. त्यामुळे नजर ठेवणं अवघड गेलं.

मी निम्म्या वाटेत बसून खडकाचं निरीक्षण करत असताना ते महादेवाचं दर्शन घेऊन परत आले. मायने मला प्रसाद दिला. नोंद: उतारावर मायचा गुडघा दुखतो, ती आडवं पाऊल टाकून उतरते. म्हणजे सोपा ट्रेक हवा, हे माझं म्हणणं बरोबरच.

माझी बॅग मात्र असह्य जड लागत होती. उघडून पाहिली. पाण्याच्या बाटलीखाली, माझ्या टॉवेलमध्ये नीट गुंडाळलेला दगड. दीड किलोच्या खाली नाही. बेसाल्ट.

माय म्हणाली, "आपण तिघं निघालो नं. तीन तिगाडा, काम बिगाडा. चौथा पाह्यजे, म्हणून खडा घेतला."

खडा म्हणजे बोराएवढा असतो, हे मी सांगितलं. ती म्हणाली, माणसाच्या बदल्यात ठेवायचा तर दिसेल एवढा तरी हवा. मी अंधश्रद्धेवर दहा मिनिटं बोललो. तेवढ्यात दमही परत आला. दगड तिथेच टाकायला निघालो तर मायने हात धरला. "चौथ्याले अर्ध्या वाटेत सोडत नाही, भूपेन."

शेवटी दगड घरी आणला, शास्त्रीय नमुना म्हणून. टेबलावर ठेवला आहे. पंख्याखाली पेपर उडत नाहीत.

१५ सप्टेंबर

पाय उचलत नाहीत. सगळे तास खुर्चीवर बसून घेतले. पठारं शिकवली.

प्राजक्ताला फोन. नऊचे सहा करा म्हटलं, आणि एक खेचर ठेवा. बसायला. कोणासाठी, असं तिने विचारलं. वडिलांसाठी. खेचरवाल्याला वजन सांगावं लागतं म्हणाली. मी सांगितलं, ९१.

ती म्हणाली, त्र्याहत्तराव्या वर्षी ९१? मी म्हटलं, हाडं जड आहेत. आमच्याकडे सगळ्यांचीच.

५ ऑक्टोबर, रविवार

नवे ट्रेकिंग शूज. दुकानापासून राजपुऱ्यातल्या घरापर्यंत चालत आलो. दोन्ही टाचांना फोड. माझ्या तरुण टाचांची ही गत, मग बाबांच्या टाचांचं काय होईल? सहाचे चार करायला सांगितले. माय-बाबांसाठी.

प्राजक्ता म्हणाली, "सर, याच्याहून कमी केलं तर दोन्ही मुक्काम एकाच झोपडीत होतील."

हल्लीच्या मुलांना ज्येष्ठांबद्दल कळकळ नाही.

१२ ऑक्टोबर

फोपनार. बाबांनी स्वेटर घेतलाय. आयुष्यातला पहिला विकतचा. मला खोका उघडून दाखवला, बाहेर काढला नाही. मग एकच गोष्ट विचारली, "बर्फाचा पहाड दिसीन नं?"

मी गॅरंटी दिली.

घरी येऊन इंटरनेटवर पाहिलं. ढग असले तर पाच-पाच दिवस शिखर दिसत नाही म्हणे. ही गोष्ट पाठ्यपुस्तकात नाही. दुपारची झोप लागली नाही.

२३ ऑक्टोबर. सकाळी १०

दिवाळी आटोपली. माय-बाबा सामानासह राजपुऱ्यात दाखल. परवा निघायचं. ट्रेकिंगच्या काठ्या काढल्या आहेत. उतारावर पाय कसा टाकावा, याचं प्रात्यक्षिक आज ओट्यावर देणार आहे. मायच्या गुडघ्यासाठी ते अत्यंत आवश्यक आहे.

संध्याकाळी ६.१५

उजव्या घोट्यात फ्रॅक्चर. प्लास्टर, सहा आठवडे.

ओट्याला तीन पायऱ्या आहेत. 'उतारावर वजन टाचेवर, नजर दहा फूट पुढे' असं मी सांगत होतो. नजर दहा फूट पुढे होती. पायरी एक फुटावर होती. काठी दोन पायांच्या मध्ये आली.

केळीच्या सालीवरून घसरलो नाही. उखर्डूभाऊंनी विचारलं, डॉक्टरांनी विचारलं, मेडिकलवाल्याने गोळ्या देता देता विचारलं. या गावात माणूस दुसऱ्या कशानेही पडू शकतो.

२४ ऑक्टोबर

सकाळी मी जाहीर केलं की ट्रेक पुढच्या वर्षी. लीडरशिवाय जाणं धोक्याचं आहे. माय पापडांकडे बघत होती. बाबा म्हणाले, जाऊ पुढच्या साली, पाय पहिला. आणि स्वेटरची घडी घालू लागले. आधी होती तशीच, कॉलरखाली पुठ्ठा सरकवून. मग प्लास्टिकची पिशवी, मग खोका. त्याला त्यांनी फार वेळ लावला.

पुढच्या साली ते चौऱ्याहत्तरचे होतील.

मी म्हणालो, तुम्ही जा. जरा जोरातच म्हणालो, कारण दोघं एकदम माझ्याकडे बघायला लागले. मायने तीनदा नाही म्हटलं. तृप्तीने विचारलं, जेवणाचं काय करणार? उखर्डूभाऊ डबा देतील म्हटलं. तिने लगेच दोघांची औषधं आपल्या बॅगेत भरली. इतक्या लवकर तयार होईल असं वाटलं नव्हतं.

मी इथूनच नेतृत्व करीन. आता सगळं मोबाइलवर होतं.

२५ ऑक्टोबर

गेले. बाबांनी खोका घेतला नाही, स्वेटर अंगात घातला होता. बाहेर तेहतीस डिग्री.

रिक्षा दारात उभी असताना माय उंबऱ्याशी थांबली. बाबा, तृप्ती आणि आपण, असं बोटावर मोजलं. मग घरात परत आली, सरळ माझ्या टेबलापाशी. चाचणीच्या पेपरवरचा दगड उचलून पिशवीत टाकला. "हा ओळखीचा हाये," म्हणाली.

मी अंधश्रद्धेवर काही बोललो नाही. पंखा चालू होता. सातवी ब सगळी खोलीभर उडाली.

२८ ऑक्टोबर

काल त्यांनी चालायला सुरुवात केली असणार. मी आतापर्यंत सतरा सूचना पाठवल्या. पाणी घोट-घोट प्या. दर वीस मिनिटांनी थांबा. उत्तर नाही. रेंज नसावी.

उखर्डूभाऊंकडचा डबा: वांगी. काल वांग्याचं भरीत. परवा भरलं वांगं.

२९ ऑक्टोबर

प्राजक्ताचा फोन. काही झालं का?

तसं काही नाही म्हणाली. मंडळी रोज सकाळी नऊलाच पुढच्या झोपडीत पोचतात, मग दिवसभर काय करायचं असं विचारतात. गाइडने त्यांना गोठ्यात नेलं तर काकूंनी गोठा झाडून काढला. दोन मुक्काम एका दिवसात केले तर चालेल का? आईचा गुडघा, असं मी बजावलं. ती म्हणाली, काकू उतारावर आडवं पाऊल टाकतात, गाइड आता इतरांना तसंच शिकवतो. आणि एक विचारायचं होतं. "काका नव्वद किलोंचे वाटत नाहीत, सर. खेचर रिकामंच चाललंय."

आवाज तुटतोय म्हणालो.

ढगांचं विचारायचं राहून गेलं.

३० ऑक्टोबर. सकाळी ७.०५

बाबांचा फोन. तृप्तीच्या मोबाइलवरून. मी हॅलो म्हटलं. पलीकडून फक्त वारा. मला वाटलं, कट झाला.

मग म्हणाले, "दिसला."

पुढे म्हणाले की वाटेत एका दुकानात केळी होती. घाईने पिकवलेली, आतून कच्ची. तरी डझनभर घेतली, पहाडासमोर बसून खाल्ली. पाय कसा हाये, असं विचारलं. ठीक आहे म्हटलं. "तू पाह्यजे होता रे भूपेन," म्हणाले.

घशात काहीतरी अडकलं. घरात वेफर्स नाहीत, पाच दिवसांपासून फक्त वांगी आहेत. रडू आलं, तेच आहे. ही वही कोणी वाचत नाही, म्हणून लिहितो.

३१ ऑक्टोबर

तृप्तीने फोटो पाठवला. खेचर. पाठीवर खोगीर, खोगिरावर माझा मफलर बांधलेला. मफलरात तो दगड.

खाली लिहिलं होतं: 'बाबा बसले नाहीत. माय म्हणाल्या, ठरवलेलं जनावर रिकामं चालवू नये. बाबा म्हणतात, ज्याच्यासाठी खेचर घेतलं होतं त्यालाच बसवलं.'

म्हणजे त्यांना माहीत होतं. कधीपासून, हे विचारणार नाही.

३ नोव्हेंबर

सगळे परतले. मायने पिशवीतून दगड काढला, पदराने पुसला आणि टेबलावर ठेवला. पाची मुक्काम केले म्हणाली, कुठेच कुरकुर नाही. सहावा पापड त्याच्या वाटणीचा होता, तो बाबांनी खाल्ला.

बाबा उद्या फोपनारला जाणार. स्वेटर अजून अंगातच आहे.

१७ नोव्हेंबर

प्लास्टरसह शाळेत रुजू. सातवी ब ने विचारलं, सर, हिमालय कसा होता?

उत्तर तयार होतं. वलीपर्वत, तीन समांतर रांगा. पण पेपर उडू नयेत म्हणून दगड वर्गातही आणला होता, तो हातात आला. मी तोच दाखवला. म्हटलं, माझा दगड पहाडापर्यंत जाऊन आला, मी असीरगडच्या पुढे नाही गेलो.

असीरगडही अर्धाच. पण ते वर्गात सांगितलं नाही.