हुद्दा : स्वयंपाकी

९ जाने. २०००, रवि. रत्नागिरी ते मोंबासा, शिडाच्या बोटीवर सहावा दिवस.

काडेपेटी शोधताना कागदांची फाइल हाती लागली. त्यात रत्नागिरी बंदरात दिलेली क्रू-लिस्ट. हे कप्तान. धाकटे दीर बाळभावजी मेट, म्हणजे कप्तानाच्या खालोखाल. मी स्वयंपाकी.

निघाल्यापासून चार ते आठ, पहाटे नि संध्याकाळी, सुकाणू माझ्याकडे. दुपारी बाराला नकाशावर बोटीची जागा मी मांडते. बावीस वर्षं शाळेत गणित शिकवलंय. मेटसाहेब भाट्याची खाडी दिसेनाशी झाल्यापासून बादलीला मिठी मारून आहेत.

ह्यांना विचारलं. "अगो, फॉर्मात कायतरी लिवायला लागतं."

मग मला मेट लिहायचं होतं.

१० जाने.

आज स्वयंपाक केला नाही. बाळभावजी म्हणाले, "वयनी, जरा पेज तरी." त्यांना दिली. कप्तानांनी फरसाण खाल्लं.

बाबा तांडेल, मासेमारी होडीचे कप्तानच होते, पण मला कधी होडीत पाय ठेवू दिला नाही. बाईमाणूस चढलं की मासळी लागत नाही म्हणे. सेहेचाळिसाव्या वर्षी चढले, तर इथेही चूलच. स्टोव्ह डोलतो एवढाच फरक.

१२ जाने.

हे सुकाणूवर. टोपी उडाली म्हणून मागे वळले, हात सुटला. वारा पाठचा. बोट वळली, शिडाचा आडवा वासा गर्रकन फिरून ह्यांच्या डाव्या खांद्यावर. चार बोटं वर लागला असता तर

नको. खांदा सुजलाय, बरगडीही दुखते. खाली निजवलं. मोठं शीड मी एकटीने उतरवलं.

१४ जाने.

वेळ नाही. झोप तुकड्यातुकड्यांनी. तळहाताला फोड. बाळभावजी ओकत ओकत तासभर सुकाणू धरतात, पण धरतात. खालून ह्यांचे हुकूम, "डावीकडं घे." तिथून छत सोडून काही दिसत नाही. लॉगबुक, बोटीची रोजची नोंदवही, ह्यांच्या उशाशी. मी आकडे ओरडून सांगते, ते टिपतात.

१६ जाने.

हे उठून बसले. बरं वाटलं, खरंच वाटलं. मग कालचे आकडे बघायला लॉगबुक उघडलं.

बारा तारखेला : 'वारा अचानक फिरला. किरकोळ इजा. मी मोठं शीड उतरवलं.' तेरा, चौदा, पंधरा : 'मी सुकाणूवर.' सगळं ह्यांच्या वळणदार अक्षरात, पडल्या पडल्या.

अंगाची लाही झाली. म्हटलं, "हे काय लिहिलंय?"

"गावात वही दाखवायची हाय. बायको चालवत होती नि मी निजलो होतो, असं लिवू?"

"तसंच झालं ना?"

बाळभावजी म्हणाले, "वयनी, जाऊ दे." ह्या दोन शब्दांवर माझं अर्धं आयुष्य गेलं. तीन दिवस ही बोट मी नेली. समुद्रावर दुसरं कोणी बघायला नव्हतं. वहीत नसेल तर ते झालंच नाही, असंच होणार. क्रू-लिस्ट गेली खड्ड्यात. हे मात्र मी सोडणार नाही.

१७ जाने.

ह्यांनीच शिकवलेला नियम. लॉगबुकात खोडरबर नाही, गिरवणं नाही, पान फाडणं नाही. चूक असेल तर तिच्यावर एकच रेघ, खालचं वाचता आलं पाहिजे. वर खरं लिहायचं, बाजूला सही.

जेवून हे झोपले, बाळभावजी सुकाणूवर, तेव्हा मी पट्टी घेऊन बसले. पाच ओळींवर पाच रेघा, पाच सह्या. 'वारा फिरला नव्हता. टोपीमुळे सुकाणू सुटलं.' 'शीड मी उतरवलं.' 'बाळ एक तास, बाकी मी.' टोपीचं लिहिताना जरा दुखलं. तरी लिहिलं. पानाच्या तळाशी कप्तानाची सही लागते, ती जागा मोकळी ठेवली.

चारला मी सुकाणूवर आले. खाली हे उठल्याचं कळलं, चष्मा शोधला, मग वहीची पानं उलटल्याचा आवाज.

वर आले. वही ह्यांच्या काखेत. माझ्याकडे बघितलं नाही, होकायंत्राकडे बघितलं.

"दोनशे चाळीस अंशावरच धरलंयस ना?"

"हो."

शेजारी बसले. मोंबासा अजून आठ दिवस. वही अजून त्यांच्याच काखेत आहे, आणि सही केली का, हे मी विचारणार नाही.