धुण्याचा दगड सरकारच्या ताब्यात

मु. दुसरबीड,
पौष वद्य पंचमी, शके १८४७

तीर्थस्वरूप पंजाबमामांच्या पायांशी इंद्रभानाचा दंडवत. इकडे सारे खुशाल. तुमचा दमा थंडीत उचल खातो, तेव्हा खामगावच्या सरकीच्या धुळीत फार फिरू नये. मामींनी गुडघ्यांना एरंडेल चोळून पाहावे. (त्या ऐकणार नाहीत, पण मी लिहिले होते एवढे त्यांना सांगावे.)

रंगरावाने अंगणात मधोमध भिंत घालायचे ठरवले, हे तुमच्या कानावर आलेच असेल. सख्ख्या भावांत भिंत, आणि कारण काय, तर धुण्याचा दगड! त्यावर आधी कोणी धुवायचे यावरून आमच्या मंडळीची आणि धाकट्या शालूबाईची जुंपली, त्यातून चुली वेगळ्या झाल्या आणि दिवाळीनंतर विटा येऊन पडल्या. मला फार वाईट वाटले, मामा. पण मी पडलो थोरला. नको रे बाबा, असे तोंडाने कसे म्हणणार? मी म्हटले, घाल, चांगली उंच घाल.

पाया आखला तो नेमका दगडावरून. गड्यांनी पहारी लावून दगड उलटा केला, तर खालच्या अंगाला कोरलेली बाई, आरशात पाहून भांग पाडणारी! तीस वर्षे आम्ही तिच्या पाठीवर धोतरे आपटत होतो. शालूबाईने लगेच हळदकुंकू वाहिले, आमच्या मंडळीने नारळ फोडला (दोघींनी एकमेकींकडे न पाहता), आणि पाटलांनी मेहकरला कळवले.

आठ दिवसांनी जुन्या इमारती जपणाऱ्या खात्याचे साहेब आले. त्यांनी दगड पाहिला, जमीन पाहिली आणि ठरवून टाकले, की दगड मूळच्याच जागी आहे, म्हणजे खाली आख्खे देऊळ असणार. लगेच चार खुंट्या, तार आणि पाटी. आता तारेपासून वीस हातांत खणायचे नाही, बांधायचे नाही, गुरे बांधायची नाहीत. त्या वीस हातांत आमचे सारे अंगण, रंगरावाची न्हाणी आणि माझी बाज येते. बाजेवर आता राखणदार कडूबा झोपतो, आणि ताक दोन्ही घरचे पितो. परवा म्हैस तारेला पाठ घासू लागली, तर मला म्हणतो, "इंद्रभानजी, म्हशीले समजवा, सरकारी जागा हाय!"

धुणे तर बंदच. दोघी जावा आता बरोबर नदीवर जातात. सरकारला शिव्या देत जातात आणि शिव्या देतच येतात; त्यांचे इतके एकमत मी आजवर पाहिले नव्हते. विटा तशाच पडून आहेत. असा हा जुलूम, मामा. दाद कोणाकडे मागावी?

आपला भाचा,
इंद्रभान

ता. क. साहेब पुढच्या महिन्यात म्हाताऱ्या माणसांचे जबाब घेणार आहेत, आणि तुमचे नाव त्यांच्या वहीत आहे. आईची कंबर दुखायची म्हणून बाबांनी हा दगड ओढ्याकाठच्या पडक्या देवळातून ओढून आणला, तेव्हा बैलजोडी तुमचीच होती. ते सांगितलेत तर साहेब दगड उचलून नागपूरच्या अजबबंगल्यात, जुन्या मूर्ती मांडून ठेवतात तिथे, नेतील, तार निघेल आणि भिंत उभी राहील. म्हणून पाया पडतो, मामा, जबाबात काही आठवत नाही म्हणा. रंगरावाला मात्र यातले अवाक्षर कळू देऊ नये.

आणखी एक. पाकीट पुन्हा फोडून लिहितो आहे. रंगराव कापसाची गाडी घेऊन तिकडेच निघाला, म्हणून पत्र त्याच्याच हाती देत होतो. पाकीट घेऊन तो उभाच राहिला. म्हणाला, "दादा, मामाले लिव्ह ना, दगड मुळचाच हाय म्हना." मी म्हटले, "काऊन बे, तुले तं भिंत पायजे होती?" तर खाली पाहत म्हणतो, "होती. पन दगड कवा आनला, कोनं आनला, मले काई आठवून नाई राह्यलं."

आणताना दगड त्याच्याच पायावर घसरला होता. अंगठ्याचे नख अजून वाकडे आहे.