बस आत का येत नाही?

४ नोव्हेंबर, मंगळवार

आई आज रस्त्याच्या मधोमध अडकली! अलीकडे बसथांबा, पलीकडे सरकारी दवाखाना, आणि मध्ये तो भला थोरला चौपदरी रस्ता. गुडघ्यांच्या व्यायामाला ती दर मंगळवारी एकटीच जाते. मी येते म्हटलं की चिडते. आज अर्ध्यात पोचली आणि सिग्नल सुटला. दोन्हीकडून गाड्या, मध्ये माझी आई — एका हातात काठी, दुसऱ्या हातात एक्सरेची पिशवी. काय करावं हिने? काठी आडवी धरली आणि ओरडली, "अरे थांबा! मला गुडघे दाखवायचेत, डोकं फोडून नाही घ्यायचं!"

थांबल्या म्हणे सगळ्या. थांब्यापाशी फळांची हातगाडी लावणाऱ्या मावशी धावत आल्या आणि तिला पलीकडे घेऊन गेल्या.

हे तिने घरी येऊन हसत हसत सांगितलं, नकलेसकट. मीही हसले. मग स्वयंपाकघरात जाऊन उगाच नळ सोडला.

६ नोव्हेंबर

इतकी वर्षं क्लासमध्ये मी हेच तर शिकवते! नोकरीच्या परीक्षेला बसणारी मुलं, तर्काचा पेपर, आणि त्यातला ठरलेला प्रश्न — एक समस्या, खाली दोन-तीन उपाय, योग्य तो निवडा. माझी घोकंपट्टीही ठरलेली: उपाय दुखण्यावरच हवा, शेजारच्या अवयवावर नको. करता येण्याजोगा हवा. एकाची सोय करताना दुसऱ्याचा गळा धरणारा नको.

पण पुस्तकातल्या समस्या कशा? 'एका शहरात अपघात वाढले आहेत.' कुठलं शहर? कुणाचे अपघात? आज पुस्तक मिटलं आणि फळ्यावर आमचा रस्ता काढला.

मग काय, बाजारच भरला!

"गाड्यांवर बंदी घाला." — अतिरेक. खोडला.

"समिती नेमा." — समितीचा अहवाल येईपर्यंत आई मधोमधच उभी. खोडला.

"पोलीस उभा करा." — चालेल, पण तो जेवायला गेला की?

"म्हाताऱ्यांनी घरी बसावं." — हे म्हणणारा स्वतःच हसला. मी नाही हसले. जीभ चावली त्याने.

"पूल बांधा, बाई. पादचारी पूल." — सगळ्यांच्या माना डोलल्या. मीही खडूने खूण करणार, एवढ्यात मागून कुणीतरी म्हणालं, "पण गुडघे?"

काय हसलो आम्ही! गुडघेदुखीच्या माणसांना जिना!

८ नोव्हेंबर

नगरसेवकांकडे जाऊन आले. आईही आली, नको म्हटलं तरी. त्यांनी कौतुकाने पुलाचं रंगीत चित्र दाखवलं. मंजूर आहे म्हणे. चित्रात वर चालणारी माणसं सगळी तरणीताठी.

"लिफ्ट?" मी विचारलं.

"पुढच्या टप्प्यात."

"तोवर?"

"तोवर सिग्नल आहेच की, बाई!"

आईने चित्र हातात घेतलं, चष्मा वर-खाली केला. "छान आहे हो. कुणाच्या घरात लावायचंय?"

मी तिला दंडाला धरून बाहेर आणलं.

९ नोव्हेंबर

रविवार. क्लास नाही. दुपारभर लोळले. सुख!

११ नोव्हेंबर

आज आईबरोबर गेलेच. चिडली, मग एक्सरेची पिशवी माझ्या हातात दिली. व्यायाम झाल्यावर थांब्याच्या बाकावर टेकलो. मावशींनी दोन पेरू कापून दिले. बस आली. दारातून एक बाई उतरली, कडेवर तापाने मलूल झालेलं मूल. मग पायाला प्लास्टर घातलेला एक गृहस्थ. मग गरोदर मुलगी आणि तिची सासू. सगळे रस्त्याच्या कडेला जाऊन उभे. पुढच्या बसमधलेही तेच. त्याच्या पुढचीही!

मी आईचा हात घट्ट धरला. "आई, अगं हे सगळेच पलीकडे चाललेत!"

"मग? दवाखाना तिकडे आहे."

"मग बस इकडे का उतरवते यांना? बस आत का येत नाही?"

दवाखान्याला दोन फाटकं आहेत. पुढे प्रशस्त आवार. एका फाटकातून बस आत, पायऱ्यांपाशी माणसं उतरवायची, दुसऱ्यातून बाहेर. आम्ही आजवर रस्ता कसा ओलांडायचा यावर डोकं फोडत होतो — आणि तो ओलांडायचीच गरज नाही!

पेरू तसाच हातात राहिला. इतका आनंद मला परीक्षेत पहिली आले तेव्हाही झाला नव्हता.

१३ नोव्हेंबर

बस आगाराचे प्रमुख भेटले. सडपातळ, कपाळावर कायमची आठी. आधी म्हणाले, जमणार नाही. मग कागदावर फाटकं काढली, बस काढली, बराच वेळ खोडत बसले. शेवटी म्हणाले, "वळेल. पण आवारात डॉक्टरांच्या गाड्या उभ्या असतात. त्या तुम्ही हलवा, बस मी वळवतो."

आठी गेली नाही. पण मला वाटतं, तो माणूस मनातून खूश होता.

१४ नोव्हेंबर

दवाखान्याच्या मुख्य डॉक्टरीणबाई. टापटीप, घाईत. "गाड्या मागच्या अंगणात लावायच्या म्हणजे आमच्या लोकांना तिथून चालत यावं लागेल."

मी सगळे मुद्दे क्रमाने मांडले. अगदी क्लाससारखे. त्या घड्याळ बघत होत्या. तेवढ्यात शेजारून आई म्हणाली, "डॉक्टर, चाला की जरा. मला मेलीला तुम्हीच सांगता ना, रोज चालत जा म्हणून?"

बाई आधी आ वासून बघत राहिल्या. मग इतक्या हसल्या की डोळे पुसावे लागले. महिनाभर करून बघू म्हणाल्या!

माझे मुद्दे बिचारे तसेच राहिले.

१५ नोव्हेंबर

काल घरी येताना मी हवेत होते. जेवताना आई एकदम म्हणाली, "आणि मावशींचं काय?"

"त्यांचं काय?"

"थांबाच उठला तर त्यांची फळं कोण घेणार? मला हाताला धरून नेलं तिने. आता तिच्याच पोटावर पाय द्यायचा?"

मी म्हटलं, चार माणसांच्या भल्यात एखाद्याला झळ बसतेच. ती म्हणाली, "हे तू मुलांना शिकवतेस?"

मी ताट उचलून उठले.

१६ नोव्हेंबर

अबोला. भांडी आपटून झाली — आधी तिची, मग माझी.

१७ नोव्हेंबर

तिचंच बरोबर आहे. 'दुसऱ्याचा गळा धरणारा नको' — घसा कोरडा करून कोण सांगतं? मीच ना!

सकाळी आईला चहा नेऊन दिला. तिने कप घेतला आणि सरकून पलंगावर मला जागा केली. मिटलं.

मग दोघी मावशींकडे. त्यांच्या कानावर आलंच होतं. आवारातच गाडी लावा म्हटलं. "आवारात गाडी लावायला मला काय नको आहे? पण वॉचमन उभा राहू देईल होय?" त्या म्हणाल्या. तिघी मिळून डॉक्टरीणबाईंकडे. फाटकाच्या आतला उजवा कोपरा द्यायला त्या तयार झाल्या. अट एकच — सालं आणि टोपल्या इतस्ततः दिसता कामा नयेत. मावशी म्हणाल्या, "जमिनीवर साल दिसलं तर मला बोलवा, मी खाते!"

२५ नोव्हेंबर, मंगळवार

वळली! बस आत वळली!

आगारप्रमुख स्वतः दवाखान्याच्या खालच्या पायरीवर उभे, हाताने चालकाला खुणा करत — जरा डावीकडे, आता सरळ, येऊ दे, येऊ दे. आई पहिल्याच बाकावर नव्या नवरीसारखी ताठ. बस पायऱ्यांपाशी थांबली. क्षणभर कुणी उतरेचना. इतक्या जवळ आलोय यावर विश्वासच बसेना बहुतेक. मग वर उभ्या असलेल्या नर्सने टाळी वाजवली आणि सगळ्यांनीच सुरू केली. प्लास्टरवाले गृहस्थ कुबडीवरूनच वाकून नमस्कार करत होते, कुणाला ते त्यांनाही ठाऊक नसावं. मावशींची अर्धी गाडी दुपारच्या आत रिकामी.

आगारप्रमुखांच्या कपाळावर आठी नव्हती. खाली चक्क गुळगुळीत कपाळ निघालं!

क्लासमध्ये जाऊन सांगितलं. मुलांनी बाकं बडवली. शेजारच्या क्लासचे सर तक्रार घेऊन आले आणि ऐकून तेही बडवायला लागले.

२ डिसेंबर

नगरसेवकांनी बोलावलं होतं. बस आत येणं पुढच्या महिन्यापासून बंद करा, असं त्यांनी पालिकेला लिहून दिलंय.

"का पण?"

"रस्ता ओलांडायला माणसंच उरली नाहीत तर पूल कशाला, असं वर विचारतायत." मग आवाज खाली आणून, समजुतीने म्हणाले, "बाई, निवडणूक तोंडावर आहे. पूल दिसतो. त्यावर पाटी लावता येते. बस आत वळली, त्यावर कुठे पाटी लावणार?"

इतकं खरं बोलतील असं वाटलं नव्हतं. मला राग यायच्या आधी हसूच आलं. आई हसली नाही. तिने त्यांच्याकडे नीट बघून घेतलं, भाजी निवडताना बघते तसं.

६ डिसेंबर

सह्यांचा अर्ज? मोर्चा? वर्तमानपत्र? मुलं एकेक सुचवतायत, मी एकेकात खोट काढतेय. सह्या कपाटात जातील. मोर्च्याला गुडघेवाले कसे चालणार? आई रोज दुपारी काठी घेऊन बाहेर पडते. कुठे म्हटलं तर, "व्यायाम. डॉक्टरांनी सांगितलंय."

८ डिसेंबर

आईने पालिकेच्या निवडणुकीचा अर्ज भरला! नगरसेवकांच्या विरोधात! सूचक म्हणून सही फळवाल्या मावशींची. मला कळलं ते कोपऱ्यावरच्या किराणा दुकानदाराकडून — "आमच्या घरची सगळी मतं आजींना" म्हणाला, आणि मी रस्त्यातच उभी.

"मला विचारलं का नाहीस?"

"तू खोट काढली असतीस."

"आणि निवडून आलीस तर? या वयात, रोज पालिकेत?"

"जाईन की," आई म्हणाली. "बस थेट जाते का, तेवढं बघून ठेव."