पुढच्या सीझनचा अदमास

आबा, तुम्हाला क्रिकेटसुद्धा कधी धड कळलं नाही, आणि मी मस्कतच्या स्वयंपाकघरात बसून तुम्हाला बेसबॉलबद्दल लिहिते आहे. हसू नका. तुम्ही गेलात तेव्हा तुमचा नातू सहा वर्षांचा होता. आता एकोणीस वर्षांचा आहे आणि पाठीला पट्टा बांधून दिवसभर सोफ्यावर आडवा असतो. त्याचे शाळेतले मित्र अमेरिकेत शिकायला गेले, हा क्रिकेटसाठी मागे राहिला. त्या पोरांचा एक खेळ आहे. तिथल्या खऱ्या बेसबॉल खेळाडूंमधून प्रत्येकाने आपापली टीम कागदावर निवडायची, आणि ते खेळाडू खऱ्या सामन्यांत जसे खेळतील तसे गुण आपल्याला. सीझन सुरू व्हायच्या आधी यंदा कोण चालणार ते ओळखायचं. सगळ्यात अवघड म्हणे स्टार्टिंग पिचर, म्हणजे पहिल्यापासून चेंडू फेकणारा, आपल्याकडचा ओपनिंग बोलर म्हणा हवं तर. मला त्यांची नावं लक्षात राहत नाहीत, म्हणून हा नुसते आकडे वाचतो. वय किती, गेल्या वर्षी किती फेकलं, त्याच्या आधी किती, दुखापत कुठली. मग विचारतो, "आई, हा नेक्स्ट सीझनला चालेल का?" मी मेथी निवडता निवडता सांगते. गेल्या वर्षी त्याची पाठ पहिल्यांदा गेली तेव्हापासून हे चाललंय, आणि माझे अंदाज बहुतेक सगळे बरोबर निघाले. मित्र त्याला विचारतात, तू कुठली साइट बघतोस?

मला त्यातलं कळतं काय, कपाळ! मी तुमचा आंबा सांगते. माघात मोहोर आला की व्यापारी तुम्हाला बागांतून फिरवायचे. तुम्ही झाडाखाली मान वर करून उभे राहायचात, एक फेरी मारायचात, बुंध्यावर थाप मारून पेट्यांचा आकडा सांगायचात. आणि कोणी न विचारता पुढच्या वर्षाचंही सांगून टाकायचात. "यंदा मोडेस्तोवर लागलाय. पुढच्या वर्षी ह्याला पालवी येईल, मोहोर नाय." पिचरचंही तेच आहे, आबा. गेल्या वर्षी फांद्या वाकेपर्यंत ज्यानं फेकलं, तो मी घेऊ देत नाही. बाकी आकडे कितीही गोड असोत.

मी चौदा वर्षांची असताना एका व्यापाऱ्यानं गंमत म्हणून मला विचारलं होतं, विहिरीजवळच्या झाडाला किती येतील गो? ते झाड माझं लाडकं. मी ठसक्यात सांगितलं, चाळीस पेट्या. तुम्ही त्याला फक्त म्हणालात, बावीस. घरी येताना बागेच्या दगडी गडग्यापाशी थांबलात आणि माझ्याकडे न बघता बोललात, "दिसतं ते सांगायचं, बाय. हवं ते नाय." मी रुसून जेवले नाही. तुम्ही समजूत काढायलाही आला नाहीत. त्या वर्षी एकवीस पेट्या निघाल्या.

गेल्या हिवाळ्यात त्यानं मला पहिल्यांदा सांगितलं की हे पिचर एका सामन्यात नव्वद-शंभर चेंडू फेकतात आणि मग चार दिवस विश्रांती घेतात. पाचव्या दिवशी पुन्हा फेकायचं. एक माणूस बाजूला बसून प्रत्येक चेंडू मोजत असतो. माझ्या हातातली सुरी तशीच राहिली. आमचा शुक्रवारी सकाळी ह्यांच्या रुसैलच्या कंपनीच्या टीमकडून फेकायचा, शनिवारी अकॅडमीत, आणि रविवारपासून शाळेची प्रॅक्टिस. कोणी मोजलं नाही. हे एकदा म्हणाले होते, "एक टीम सोडू दे त्याला." मी काय म्हणावं? "तुम्ही गप्प बसा, तुम्हाला कशाची हौसच नाही." कंपनीच्या अर्बाबनं, म्हणजे मालकानं, मैदानावर त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हटलं होतं, इन्शाल्ला, पुढच्या वर्षी मोठ्या टीममध्ये. त्या दिवशी मी घरी शिरा केला. तुमचा शब्द मी तीस वर्षं डोक्यात बाळगला आणि चालले त्या अर्बाबच्या शब्दावर, ज्याला आमच्या पोराचं नावही नीट घेता येत नव्हतं.

आणि चार दिवसांची विश्रांती कळल्यावर मी शहाणी झाले म्हणता? छे. आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं. दुसऱ्यांच्या पोरांबद्दल मी सोफ्याशेजारी बसून ठणकावून सांगत होते, हा नको, ह्यानं फार फेकलंय, ह्याला बसू दे. आणि माझ्या पोराला डॉक्टरांनी सहा महिने विश्रांती सांगितलेली असताना चौथ्या महिन्यात मोठ्या टीमच्या निवडीचं शिबिर आलं, तेव्हा मीच त्याची बॅग भरली. त्या सकाळी तो दाराची चौकट धरून उभ्यानं मोजे घालत होता, कारण त्याला वाकता येत नव्हतं. मी बघितलं. त्यानं मी बघितलेलं बघितलं. मी चहाबरोबर दुखण्याची गोळी दिली आणि म्हटलं, "यल्ला, चल, उशीर होतोय." तिसऱ्या ओव्हरला तो पिचवर खाली बसला तो स्वतःहून उठला नाही. आपल्या शेजारच्या बागेत झाडांच्या बुंध्याशी औषध ओतून दरवर्षी मोहोर आणायचे, आठवतं? चार वर्षं नुसती लयलूट, मग झाडं शेंड्याकडून वाळत गेली. तुम्ही म्हणाला होतात, झाडाला नाय म्हणता येत नाही, ते माणसानं म्हणायचं असतं. माझ्या पोराला तर तोंड होतं, पण माझ्यापुढे ते चालत नव्हतं.

परवा, रविवारी, डॉक्टर सांगणार आहेत पुढच्या वर्षी त्याला बोलिंग करता येईल की नाही. घरात त्यावर कोणी बोलत नाही. आज शुक्रवार, बाहेर हवा छान आहे, मैदानावर सामने चालू असतील. हे घराबाहेर पडलेत, जाताना मैदानाचा रस्ता टाळून गेले असणार. मी दुपारी पोळ्या लाटत होते आणि हा सोफ्यावरून यादी वाचत होता. एकतीस वर्षांचा, दोनशेच्या वर इनिंग, सलग तिसरं वर्ष. मी म्हटलं, नको. चोवीस वर्षांचा, गेल्या वर्षी अर्धा सीझन बसून होता, आता बरा आहे. म्हटलं, घे, डोळे मिटून घे. मग त्याच आवाजात वाचलं, "एज नाइन्टीन. राइट आर्म. दोन सीझन, तीन टीम्स. बॅकला फ्रॅक्चर, ट्वाइस."

तव्यावरची पोळी करपत होती. मी म्हटलं, "हा नको. हा संपला रे. पुढचा वाच."

तो म्हणाला, "ओके."

पोळी उलटल्यावर माझ्या डोक्यात शिरलं की त्या खेळात कोणी एका वेळी तीन टीम्सकडून खेळत नाही. मी गॅस बंद करून बाहेर आले. तो फोनकडे बघत होता, रडत वगैरे नव्हता. म्हणाला, "इट्स ओके, आई. तुझं नेहमी करेक्ट येतं." त्याला रविवारी डॉक्टरांकडून ऐकायच्या आधी माझ्याकडून ऐकायचं होतं. मी दिसलं ते सांगितलं, आबा. आयुष्यात पहिल्यांदा हवं ते न सांगता दिसलं ते सांगितलं, आणि ते नेमकं आज, माझ्याच पोराबद्दल, लाटणं हातात धरून. एवढी वर्षं तुमचा शब्द मोडला, तो आजही मोडला असता तर कोणाचं बिघडलं असतं? त्या सकाळी दाराच्या चौकटीशी पाळला असता तर तो आज मैदानावर असता. आता रविवारी डॉक्टर काय वेगळं सांगणार आहेत?

आता तो झोपलाय आणि मी हे त्याच्या जुन्या शाळेच्या वहीत मागून लिहिते आहे. पान फाडणार नाही. पाठवायचं तरी कुठे.

एक राहिलं. मघाशी त्याच्यापाशी बसून मी म्हणाले, "अरे, तव्याच्या आवाजात मला नीट ऐकूच आलं नाही, परत वाच बघू." त्यानं वाचलं नाही. मला पहिल्याच वेळी स्वच्छ ऐकू आलं होतं.