मिग्गालच्या गाडीचे दोन कार्ब्युरेटर

प्रिय मिग्गाल,

पत्र आलं म्हणून घाबरू नकोस, कुणी गेलेलं नाही. फोन करता आला असता, पण फोनवर तू 'हं' आणि 'असू दे' या दोनच शब्दांवर निभावतोस, आणि मला जे सांगायचं आहे त्याला तेवढे पुरायचे नाहीत. पोस्टाची बस उद्या तुमच्या बाजूला जाते. डोळे शाबूत आहेत असं तुझी बहीण म्हणाली, तेव्हा बैस आणि शेवटपर्यंत वाच.

तर गाज्जा सोमवारी येऊन गेली. बूट झटकले नाहीत, कॉफी स्वतःच ओतून घेतली, त्यात माझ्या चीजचे चार तुकडे टाकले आणि म्हणाली, "सुन्ना, दादाची ती बर्फावरची भंगार गाडी विकून टाक बाई एकदाची. मी त्याला नवी घ्यायला लावतेय. तिच्यात कार्ब्युरेटर-बिर्ब्युरेटर काही नाही. पेट्रोल किती, हवा किती, सगळं संगणक बघतो. बटण दाबायचं की निघायचं." मी विचारलं, "आणि बंद पडली तर?" तर म्हणे, "बंद पडतच नाही." मी म्हटलं, "गाज्जा, बंद न पडणारी वस्तू मी आजवर एकच पाहिली, ती तुझी जीभ." ती हसली. तुझ्या घराण्यात हसणारी ती एकटीच निघाली. मग कप खाली ठेवून हळू आवाजात म्हणाली, "त्याच्या पायाची दोन बोटं गेली गं." त्यावर मी उरलेलं चीजही तिच्यापुढे सरकवलं. मी, न मागता, मिग्गाल. तारीख लिहून ठेव.

शनिवारी इनारीहून औला नावाचा माणूस गाडी बघायला येणार, पटलं तर द्यायची, असं ठरवून ती गेली. 'दादाचीही हरकत नाही' असंही म्हणाली. तुला विचारलं तेव्हा तू 'असू दे' म्हणाला असशील. मी जानेवारीपासून माझ्या शेडमध्ये उभ्या असलेल्या त्या गाडीकडे बघत बसले. गाव काही म्हणो, सतरा वर्षं तू माझ्या अंगणात येतोस तो त्या दोन कार्ब्युरेटरच्या निमित्तानं. गाडी गेली की निमित्त गेलं. वर महिन्याभरात रेनडिअरचे कळप किनाऱ्याकडे निघतील, त्यांच्याबरोबर तू जाशील, तो थंडी पडेपर्यंत दिसायचा नाहीस. आणि तेव्हा तुझ्या बुडाखाली एक अशी गाडी असेल की जिला सुन्नाची गरज नाही.

तू पहिल्यांदा आलास ते साल आठवतं? माझा नवरा समुद्रातल्या तेलाच्या कामावर गेला तो तिकडेच रमला, आणि गावानं ठरवून टाकलं की शेडला आता कुलूप लागणार. वडिलांची हत्यारं होती, वडिलांनी शिकवलेलं होतं, पण माझी दाढी नव्हती ना! गाडी घेऊन कुणी येईना. सल्ला घेऊन मात्र पुष्कळ यायचे. म्हातारे दारात ओळीनं उभे राहायचे. "पोरी, सुईची क्लिप एक खाच खाली घे." "अगं, तो स्क्रू दीड वेढा, दोन नव्हे." एकानं तर फ्लोटची वाटी उलटी धरून मला फ्लोट कसा तरंगतो ते समजावलं. तू गाडी ओढत आणलीस, पालथ्या बादलीवर बसलास आणि एवढंच म्हणालास, "रेस सोडली की मरते." नंतर तासाभरानं म्हणालास, "कॉफी आहे का?" तेवढ्या वेळात मी दोन्ही कार्ब्युरेटर उतरवून उघडले. डाव्याच्या छोट्या जेटमध्ये, पेट्रोलच्या त्या सुईएवढ्या भोकात, रेनडिअरचा एक केस अडकला होता. आडवा, चुरगळलेला. कातडी कोट घालून पेट्रोल भरणाऱ्यांचं असं व्हायचंच. मी फुंकर मारून तो उडवला, कारण जेटमध्ये तार घालणाऱ्याचा हात मोडावा असं माझे वडील म्हणायचे. भोक केसभर मोठं झालं की गाडी कायमची बिघडते. तू गाडी चालू केलीस. ती एका सुरात गुरगुरत राहिली आणि दारातले म्हातारे एकेक करून घरी गेले. दुसऱ्या दिवसापासून मला काम मिळायला लागलं. ते तुझ्यामुळे मिळालं, हे मी तुला कधी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तू 'हं' म्हणाला असतास.

पुढच्या वर्षी त्याच जेटमध्ये पुन्हा केस. चालायचंच. तिसऱ्या वर्षी मी पेट्रोलच्या नळीवर बारीक जाळीचा फिल्टर बसवून दिला. त्यातून धुळीचा कण जात नाही. चौथ्या वर्षी पुन्हा केस! पांढरा, लांब, थोराड नराच्या मानेचा, आणि सुईत दोरा ओवावा तसा सरळ. मिग्गाल, फिल्टर ओलांडून, वाटीतून पोहत जाऊन, डोकं आधी आणि शेपूट मागे असा सरळ ओवला जाणारा केस अजून जन्माला यायचा आहे. तुला कार्ब्युरेटर स्वतः उघडता येतो, स्वच्छ उघडता येतो, परत नीट लावताही येतो, हे मला त्या दिवशी कळलं. मी मात्र 'पेट्रोल फार घाण येतं हल्ली' असं म्हणाले, आणि तू अगदी गंभीर चेहऱ्यानं मान डोलावलीस. असे तेरा हिवाळे. ते केस मी जपून ठेवले असतील असं मनात आणू नकोस, सगळे फुंकून दिले. मी मेकॅनिक आहे, कवयित्री नाही. पण वर्षातून एक दिवस मी सकाळीच शेड झाडून घ्यायची आणि बादली पालथी घालून ठेवायची, हेही खरं.

आता जानेवारीचं. इथवर मी थट्टा केली, पण हा भाग सरळ वाच.

तू वरून आलास, पठारावरून. केसाचं नाव नव्हतं, पहिल्यांदाच खरी तक्रार होती: "वर प्लग काळे पडतात, दोन दिवसांत बदलावे लागतात." पडणारच. आकाश मोकळं होतं, वारा नव्हता, आणि असल्या दिवसांत थंडी पाण्यासारखी उतरून दरीत साचते. माझ्या अंगणात उणे एकतीस, तुझ्या पठारावर उणे आठ. थंड हवा दाट, तिला पेट्रोल जास्त लागतं, म्हणून दरीसाठी मोठं जेट. तुझ्या गाडीत दरीचं मोठं जेट आणि तू आठवडाभर वरच्या उबेत, म्हणजे तिला पेट्रोल उतू जात होतं. मी दोन्हीकडे लहान जेट बसवलं. वरच्यासाठी. तू आलास तसाच वर जाशील असं मी धरून चालले.

मी तुला विचारलं नाही की कुठून जाणार. कसं विचारणार? तुमचा गट आणि आमचा गट त्या टेकडीमागच्या, कळपांच्या चराईच्या शेवाळाच्या पट्ट्यावरून नऊ वर्षं भांडतोय. कुठून जातोस म्हणजे कळप कुठे आहे, आणि कळप कुठे आहे हे परक्या गटाच्या माणसाला विचारणं म्हणजे त्याच्या खिशात हात घालणं. मला आईनं लहानपणी याच एका गोष्टीसाठी थोबाडीत मारली होती. तुलाही कुणीतरी मारली असणार, म्हणून तू सांगितलं नाहीस. आणि कोणत्या नंबरचं जेट घातलंस हे तू मला विचारलं नाहीस, कारण मेकॅनिकला ते विचारणं म्हणजे तिच्यावर शंका घेणं. आपण दोघंही इतके सभ्य की तुझा जीव जाता जाता राहिला.

तू नदीवर उतरलास. सपाट बर्फ, पूर्ण रेस, उणे सदतीस, आणि इंजिनाच्या पोटात पठाराचं जेट. पेट्रोल कमी पडलं की इंजिन आतून जळतं; सव्वीस किलोमीटर टिकली हेच नवल. त्यानंतर तू चालायला लागलास, आणि बर्फाखालचं पाणी जिथे वर आलं होतं तिथे तुझा डावा पाय गेला. शोधायला निघून मी तुला नदीच्या वळणावर गाठलं तेव्हा तू म्हणालास, "रेस जरा जास्तच दिली." गाज्जालाही तेच सांगितलंस, डॉक्टरला तेच, गावाला तेच. गाव म्हणालं, मिग्गाल या वयात पोरासारखी गाडी हाणतो. तू ऐकून घेतलंस.

मी गाडी घरी ओढत आणली आणि प्लग काढला. हाडासारखा पांढरा. पिस्टनच्या माथ्यावर अंगठा जाईल एवढं भोक. असा प्लग वाचायला शाळेत जावं लागत नाही. तुझी रेस जास्त नव्हती, माझं जेट लहान होतं. आणि तुला हे ठाऊक होतं. फिल्टर ओलांडून केस ओवणाऱ्या माणसाला पांढऱ्या प्लगचा अर्थ ठाऊक नसेल? इस्पितळात मी तुझ्या उशाशी बसून पाऊण तास हवामानावर बोलले. तूही हवामानावर बोललास. बोटांवर पट्टी होती आणि आपण दोघं वारा कुठल्या दिशेनं आहे ते ठरवत होतो.

चूक माझी होती. माफी मागते. मला याची सवय नाही, त्यामुळे ती एकदाच मागेन. गाज्जालाही आज सकाळी फोन करून सगळं सांगितलं, गावालाही सांगेन. येत्या शनिवारी दुकानाच्या दारात उभं राहून दोन माणसांना सांगितलं की बाकीचं काम गाव करतं. गिऱ्हाईक कमी होईल असं म्हणशील, तर होणार नाही. चूक कुठे झाली ते नेमकं सांगू शकणारी मेकॅनिक या मुलखात मी एकटीच आहे. आणि आता माझ्या शेडमध्ये गाडी आणणाऱ्या प्रत्येकाला, तो कुठल्याही गटाचा असो, मी आधी विचारते: वरून जाणार की नदीवरून? काल एका म्हाताऱ्यानं कपाळाला आठ्या घातल्या. मी म्हटलं, "आजोबा, तुमचा कळप तुम्हाला लखलाभ, मला फक्त थर्मामीटर सांगा." सांगितलं त्यानं.

गाडी मी पुन्हा उभी केली आहे. नवा पिस्टन, दोन्ही वाट्या धुतल्या, फ्लोटची उंची मोजली, दोन्ही कार्ब्युरेटरचे पडदे एकाच क्षणी उचलले जातील असे जुळवले. त्याला दोन दिवस लागले, कारण डावा नेहमीच आळशी, मालकासारखा. गुरुवारी मी ती नदीवर नेली. पूर्ण रेस, मध्येच बंद केली, प्लग काढून बघितला: दूध घातलेल्या कॉफीचा रंग. इतकी चांगली ती नवी असतानाही चालली नव्हती.

शनिवारी औला आला. झाकण उचलून त्यानं बराच वेळ नुसतं ऐकलं. मग विचारलं, "कुणी लावलेत हे?" मी म्हटलं, "मी." म्हणाला, "बाई, मग विकताय कशाला?" प्रश्न बरोबर होता. मनात आणलं असतं तर गाज्जाला फोन करून म्हणता आलं असतं की गिऱ्हाईक पटलं नाही. गाडी शेडमध्ये राहिली असती, तू ती न्यायला आला असतास, एखादा पांढरा केस घेऊन, आणि मी 'पेट्रोल फार घाण येतं' म्हणाले असते. आपण दोघांनी सत्तरीपर्यंत ते निभावलं असतं. आपल्याला येतं ते.

मी गाडी देऊन टाकली, मिग्गाल. जेटची डबी दिली, आणि माझ्या अक्षरात एक कागद, दरीसाठी कुठलं जेट आणि पठारासाठी कुठलं. ती घाटी चढून दिसेनाशी झाली तेव्हा मला वाईट वाटलं नाही, हायसं वाटलं, आणि आज सकाळी गाज्जाचा फोन ठेवल्याबरोबर हे लिहायला घेतलं. गाज्जाचं ऐक, संगणकवाली घे. तुझा पाय आता बर्फात चालायच्या लायकीचा नाही आणि मला तू जिवंत हवा आहेस. तुझी एकही वस्तू आता माझ्याकडे दुरुस्तीला नाही. तेव्हा कळप निघायच्या आत ये, काहीही न बिघडता ये, आणि कपड्यांची पिशवी घेऊन ये, कारण किनाऱ्यावरून परतशील तेव्हा या घरी परतायचं आहे. गाव विचारेल, मिग्गाल सुन्नाकडे कशाला गेला? तुझ्या 'हं'वर मी ते सोडणार नाही. विचारायला आले की मीच सांगेन: राहायला.

कुणाला आजवर असं लिहिलेलं नाही, तुलाच लिहिते,
तुझीच
सुन्ना