घोणशीचं पान

गुरुजी, गोष्टीचं पुस्तक मी बाजूला सारलं तो दिवस तुम्हाला आठवत होता का, ते विचारायचं राहूनच गेलं. निजामाचं राज्य जाऊन थोडीच वर्षं झाली होती, शाळेत उर्दूच्या जागी मराठी आली होती, आणि चौथीत असूनही मला धड वाचता येत नव्हतं. "कोल्हा बोलत न्हाय गुरुजी. समदं खोटं हाय ह्ये," मी म्हणाले. वर्ग हसला. तुम्ही हसला नाहीत. सोलापूरहून एसटीनं आणलेल्या पुस्तकांची पत्र्याची पेटी उघडलीत. विहिरी, तारे, माणसाचं शरीर, साप. सापांचं पुस्तक माझ्या हातात देऊन म्हणालात, "हे खरं आहे. पण वाचल्याशिवाय कळायचं नाही."

मग मी वाचत बसते, मधल्या सुट्टीत, अक्षराला अक्षर जोडत. नाग, मण्यार, घोणस. घोणशीच्या पाठीवरचे साखळीसारखे ठिपके पाटीवर काढते. थोरली बहीण, आक्का, भाकरी थापता थापता म्हणते, "लई शाणी झालीस व्हय गं?" आणि पुन्हा वाचायला लावते.

आक्काला साप चावला तो गवत कापताना. वडिलांनी मारून बांधावर टाकलेला साप मी पाहिला. ठिपके ओळखले. वडिलांना म्हणाले, "आबा, घोणस हाय. आक्काला सोलापूरच्या दवाखान्यात न्या. तिथं सुई देत्यात, पुस्तकात लिवलंय." चुलते म्हणाले, "पोरीला गप करा." आक्काला मारुतीच्या देवळात निजवलं, कडुलिंबाचा पाला चघळायला दिला, मंत्र सुरू झाला. मी धावत तुमच्याकडं आले. तुम्ही अनवाणीच निघालात, वडिलांचे हात धरलेत. "गुरुजी, तुमी शाळा बघा," एवढंच ते म्हणाले. फाट्यावरून सोलापूरची एसटी गेली, तिचा हॉर्न देवळात ऐकू आला. आक्काच्या हिरड्यांतून रक्त येऊ लागलं. तेही पुस्तकात होतं. उजाडायच्या आत ती गेली.

पुन्हा शाळेत आले त्या दिवशी मी पुस्तक तुमच्या टेबलावर आपटलं. "खरं असून काय उपेग झाला?" तुम्ही ते उघडून घोणशीचं पान काढलंत. "पुस्तक खरंच होतं, बाळ. तुझं वय कमी पडलं. आणि माझा शब्दही."

त्या संध्याकाळी चावडीपुढं उभं राहून तुम्ही ते पान मोठ्यानं वाचलंत. माणसं उठून गेली. बाजारच्या दिवशी परत वाचलंत. वडील खाली मान घालून बसले होते, ते उठले नाहीत. पुढच्या पावसाळ्यात एका गुराख्याला साप चावला तेव्हा फाट्यापर्यंत न्यायला गाडी वडिलांनीच जुंपली. तो वाचला. घरी येऊन वडील जेवले नाहीत.

मी शिक्षिका झाले. माझ्या वर्गातही खऱ्या माहितीची पुस्तकं आहेत, मुलं त्यांच्यासाठी भांडतात. तुम्ही गेल्याचं मला फार उशिरा कळलं, तुळजापूरच्या स्टँडवर, तुमच्या गावच्या एका माणसाकडून. "कशानं गेले?" मी विचारलं. "झोपेत," तो म्हणाला.

हे पत्र कुठं टाकणार? पण एक सांगते, गुरुजी. ते ऐकून मला रडू आलं नाही. हायसं वाटलं. तुमच्या उशाशी माझ्यासारखं, काय करायला हवं ते ओरडून सांगणारं, पण ज्याचं कुणी ऐकत नाही, असं कुणी उभं नव्हतं.