तुझ्या अनाची बोली

प्रिय रुईफांग,

तुझ्या अनाला जाऊन आज चाळीस दिवस झाले. मशिदीत दुआ झाली, शेजारणींनी तेलात तळलेल्या रोट्या वाटल्या. दफन त्याच दिवशी उरकावं लागलं; तू बीजिंगहून पोचलीस तेव्हा अनाचं, सख्ख्या आईचं तोंडही तुला दिसलं नाही. अंगणात उभी राहिलीस, रडली नाहीस, दुसऱ्या दिवशी परत गेलीस. मी तुला दोष देत नाही. का देत नाही, तेच लिहायला बसलोय.

मी तिला किती टोकायचो, आठवतं ना? ती बाओआन लोकांची, डोंगरातल्या गावची. लग्न होऊन लिन्शियात माझ्या घरी आली तेव्हा चिनी तिला बाजारापुरतीच यायची. 'मला चहा दे' म्हणताना 'दे' शेवटी ठेवायची, आणि 'मला'च्या मागे एक 'हा' चिकटवायची. खरं तर सगळं लिन्शिया तसंच बोलतं, माझी आईही तशीच बोलायची. पण मी पडलो शाळामास्तर. पुस्तकातल्या चिनीत आधी 'दे', मग बाकीचं. "क्रियापद आधी घे गं, आधी!" मी ओरडायचो. ती म्हणायची, "चहा मिळाला ना तुम्हाला? मग झालं तर!" तू खुदकन हसायचीस.

गेल्या वसंतात लान्झोउहून यान नावाची एक संशोधक बाई आपली बोली ध्वनिमुद्रित करायला आली. अना दोन दिवस तिच्यापुढे बसून मेंढ्यांच्या, लग्नांच्या, बर्फात हरवलेल्या भावाच्या गोष्टी सांगत होती. मी सवयीनं मधे मधे सुधारत होतो. शेवटी बाई म्हणाली, "मास्तर, तुम्ही जरा बाहेर बसता का?" संध्याकाळी तिनं मला समजावलं. या खोऱ्यात शेकडो वर्षं तिबेटी, बाओआन, दोंगशियांग लोक चिनी बोलणाऱ्यांच्या शेजारी राहिले. त्यांच्या भाषांत क्रियापद शेवटीच येतं, आणि कुणाला, कशाला हे दाखवणारं शेपूट नामाला लागतं. बाजार झाले, सोयरिकी झाल्या आणि इथली चिनीही तशीच घडली. दक्षिणेत शेजारी वेगळे, म्हणून तिथली चिनी वेगळी वळली. "यात चूक कसली? याला नियम आहेत." अना दारात उभी होती. एवढंच म्हणाली, "तीस वर्षं ऐकून घेतलं मी. आता पोरीला खरं सांगा." मी हो म्हटलं. पण फोन हातात घेतला की हवापाण्याचंच विचारून ठेवून द्यायचो. मग हिवाळा आला, तिची छाती भरली आणि ती गेली.

तर ऐक. तुझ्या लग्नाला ती आली नाही, ते गुडघ्यामुळे नाही. आणि दूरचा जावई तिला नको होता म्हणून तर मुळीच नाही. तू मात्र तेच सहा वर्षं मनात धरलंस, तिच्याशी फोनवर दोन शब्दांपलीकडे बोलली नाहीस. तुझ्या सासूला म्हणायला ती महिनाभर एक वाक्य घोकत होती, पुस्तकातल्या क्रमानं: 'मी सोपवते लेक तुम्हाला.' निघायच्या आदल्या दिवशी मला म्हणून दाखवलं, अडखळली, 'सोपवते' पुन्हा शेवटी गेलं. मी म्हटलं, "तू राहूच दे. तिथं लोक हसतील, पोरीची मान खाली जाईल." तिनं नवा रुमाल डोक्यावरून काढला, घडी करून पेटीत ठेवला. गुडघ्याचं निमित्त माझं. माझी लाज झाकायला तीही तुझ्याशी तेच खोटं बोलली आणि तुझा राग एकटीनं सोसत राहिली. रागवायचं तर माझ्यावर रागाव, पोरी. तिच्यावर नको.

तुझाच बाप,
अदा